समोरच्या ओट्यावरून

नवं घर बघायला बोलावलं की भास्करकाका त्या घराकडे चक्क पाठ फिरवायचे आणि समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. "चहा टाका," म्हणायचे, "तुमच्या डोळ्यांपुढे जन्मभर काय येणार आहे ते तपासायला आलोय." मग घरमालकालाही हाक मारून शेजारी बसवून घ्यायचे.

आगाशीजवळच्या आमच्या बंगल्यांच्या सोसायटीत बाहेरचा रंग, दगड, कौलं, ग्रिल, सगळं कमिटीकडून पास करून घ्यावं लागतं. कमिटीत कागदावर तिघं. प्रत्यक्षात सगळा कारभार काकांचा, आणि सेक्रेटरी म्हणून सह्या माझ्या. काका रिटायर्ड ड्राफ्ट्समन. गेल्या वर्षी ते गेले, पण कुणी चकचकीत कॅटलॉग उघडला की मला अजून त्यांचाच आवाज ऐकू येतो, "ग्रिलला नुसता रंग फासून भागायचं नाही हो. दर्याचा वारा आहे हा, तो कॅटलॉग वाचत नाही!"

माझ्या स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटला कंटाळून आले होते आणि पुढच्या भिंतीला काळा ग्रॅनाइट लावायचाच, असं ठरवून बसले होते. काकांनी मला दुपारी चारला समोरच्या आजींच्या ओट्यावर बसवलं आणि ग्रॅनाइटची लादी उन्हात उभी करायला लावली. उजेड असा डोळ्यांत घुसला की मी तोंडच फिरवलं. आजी मोगऱ्याचे गजरे ओवत होत्या, त्यांनीही डोळ्यांवर पदर ओढला. "तू आत पंख्याखाली बसणार," काका म्हणाले, "बाहेरची भिंत बघणार या. त्यांना विचारलंस का?" मला असा राग आला! पण लावला मुकाट्याने खडबडीत जांभा. आणि आज सांगते, तोच छान दिसतो.

आता एवढ्या चोखंदळ माणसाचं घर कसं असावं? विचारूच नका. बारा वर्षं नुसतं सिमेंटचं प्लास्टर! काकी वैतागायच्या, "सगळ्यांचे रंग पास करत फिरतात, आणि आमच्याकडे आलेला पोस्टमन विचारतो, काम संपणार कधी?"

कारण समोरच्या घरात होतं. तिथे इनासभाऊ राहायचे, काकांचे जिवलग दोस्त. दोघांनी मिळूनच समोरासमोर प्लॉट घेतले होते. इनासभाऊंनी न विचारता घराला पुढून चकाकत्या टाइल्स लावल्या आणि काकांनी त्या उतरवायला लावल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. काकांच्याच नियमाप्रमाणे समोरच्या ओट्यावर बसल्याशिवाय रंग ठरवायचा नाही, आणि त्या ओट्यावर जायची काकांची हिंमत होत नव्हती. मी एकदा म्हटलं, "काका, तुमचं घर मी पास करते." तर उसळलेच. "वा गं वा! नियम लोकांना आणि माफी मला?"

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. काकींनी जाहीर केलं, "मांडव पडेल तो रंगवलेल्या घरापुढे. नाहीतर मी चालले माहेरी, बोळिंजला." बोळिंज काही लांब नाही, पण काका घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवलेल्या तीन फळ्या काखेत मारून ते माझ्या दारात. "चल, सेक्रेटरी आहेस ना तू." मधला रस्ता दहा पावलांचा, पण काका दोनदा थांबले.

इनासभाऊ ओट्यावर केळीची पानं पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कोणाचं घर बघायला आली कमिटी?"

"माझं," काका म्हणाले.

इनासभाऊंनी पानांची टोपली सरकवून जागा केली. काका बसले आणि पहिल्यांदाच तिथून स्वतःचं घर बघितलं. करडी भिंत, ओलीचे काळे ओघळ, स्लॅबमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या.

"इनास, बारा वर्षं तू रोज हे बघतोयस? शिव्या तरी घालायच्यास रे!"

"घालत होतो की. रोज. मनातल्या मनात."

दोघंही असे हसले की काकी धावत बाहेर आल्या. मला मात्र रडू येत होतं.

इनासभाऊंनी तिन्ही फळ्या लांब धरून बघितल्या. "नापास. उद्या दुसऱ्या आण."

काकांनी दुसऱ्या दिवशी नेल्या. नापास. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तेच. काका सकाळी फळ्या घेऊन जायचे ते जेवायच्या वेळेला परत, चेहरा मात्र पास झाल्यासारखा. इकडे लग्न तोंडावर आलं आणि काकींनी माझ्यामागे टुमणं लावलं. शेवटी मीच गेले भांडायला. "इनासभाऊ, पुरे झालं आता! एक तरी रंग आवडला का तुम्हाला?"

त्यांनी काका येत नाहीत ना, ते बघून घेतलं.

"पहिल्या दिवशीचा पिवळा आवडला होता, बाय. पण तेव्हाच पास केला असता, तर हा दुसऱ्या दिवशी आला असता का?"