ओठ हलले तरी चालतील

आमच्या हायस्कुलात ग्रंथालय आहे, असे शाळेच्या वार्षिक अहवालात छापलेले असे. प्रत्यक्षात एका लांबट खोलीत दोन काचेची कपाटे होती आणि त्यांना कुलपे होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. त्यांची नावे आम्हांला पाठ झाली होती, आतला मजकूर मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. किल्ली संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांच्या कमरेला असे. पुस्तक मागितले की ते विचारत, "कशाला हवंय?" उत्तर पटले तर पुस्तक मिळे. मला ही रीत अपमानाची वाटे. वाचायला कारण लागत नाही, कुलूप घालायला लागते, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

माझे वडील सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रुफे तपासत. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणत, आणि आई ते चुलीत घालायच्या आधी मी वाचून काढी. दारूबंदी, स्वदेशी, विधवाविवाह, गिरणीकामगारांच्या सभा, सगळी पत्रके अशीच आमच्या घरी आली. मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणिते सोडवी. या शिक्षणामुळे मला साधा अर्ज लिहिताच येत नसे. लिहायला बसलो की त्याचे पत्रक होई. सहावीत असताना मी 'कुलूपबंद ज्ञान!' असे एक पत्रक लिहून शाळेच्या फळ्यावर चिकटवले. त्यात घोकंपट्टीवरही दोन परिच्छेद होते. शास्त्रीबुवा वर्गाकडून रूपे मोठ्याने म्हणवून घेत, त्यांना ते लागावे अशीच माझी इच्छा होती.

हेडमास्तरांनी मला बोलावले. ते पुण्याहून नवे आले होते, छडी वापरत नसत. पत्रक त्यांच्या टेबलावर होते.

"उद्गारचिन्हं फार आहेत," ते म्हणाले. "मागणी मात्र बरोबर आहे. कपाटं उघडतो. पण आत कसं वागायचं, त्याचे नियम तुम्ही मुलांनीच करायचे. नाताळच्या सुट्टीपर्यंत पाहीन. गोंधळ झाला तर पुन्हा कुलूप."

नियम करायला त्यांनी आमच्या वर्गातल्या एका वकिलाच्या मुलाला आणि मला नेमले, आणि वर देखरेखीला शास्त्रीबुवांना. हा विनोद त्यांनी मुद्दाम केला की काय, कोण जाणे.

माझा पहिला मसुदा 'विद्यार्थी बंधूंनो' असा सुरू होत होता. वकिलाच्या मुलाचा 'सदरहू ग्रंथालयात प्रवेश करणाऱ्या इसमाने' असा. हेडमास्तरांनी दोन्ही वाचले आणि चष्मा काढला.

"एक सभेचं आमंत्रण आहे आणि एक जप्तीची नोटीस. नियम कुठं आहेत?"

मग नियम झाले. माझा आग्रह एकच होता: प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहायचे. ज्याचे कारण सांगता येत नाही तो नियम नव्हे, हुकूम. थुंकी लावून पान उलटू नये, कारण तेच पान पुढे दुसरा उलटणार. शेंगा खाऊ नयेत, कारण टरफले पुस्तकात सापडतात आणि तेल शाई पसरवते. पानाचा कोपरा दुमडू नये, कारण दुमडलेला कोपरा तुटतो. शास्त्रीबुवा मध्ये मध्ये "बरं" म्हणत. मी त्यांच्याकडे न पाहता लिही.

शेवटचा नियम हेडमास्तरांनी स्वतः सांगितला. ग्रंथालयात मौन पाळावे. पुटपुटत, ओठ हलवत वाचू नये. तीनदा ताकीद मिळाल्यास त्या विद्यार्थ्याचे ग्रंथालयात बसण्याचे कार्ड वर्षभर बंद. मुंबईच्या एका वाचनालयात त्यांनी खोलीभर माणसे बसलेली पाहिली होती आणि फक्त पान उलटल्याचा आवाज येत होता, असे ते म्हणाले. "पुटपुटणं ही पोथीची सवय. आजच्या माणसानं डोळ्यांनी वाचावं."

मला हे पूर्ण पटले. पोथीची सवय मोडायची, ही तर माझ्याच पत्रकातली भाषा होती. शास्त्रीबुवा या वेळी "बरं" म्हणाले नाहीत, पण विरोधही केला नाही. नियम लागला.

माझ्या बाकावर मंद्रूपचा एक मुलगा बसे. बाजारातल्या मामाच्या भुसार दुकानात, पोत्यांच्या मागे त्याचे बिऱ्हाड होते. घरची भाषा कानडी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगाने दांडगा, गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. मराठीत आणि इतिहासात मात्र आदल्या वर्षी कसाबसा वर चढला होता. या वेळी नापास झाला तर त्याचे आप्पा येऊन त्याला परत शेतीवर नेणार, हे ठरलेले होते. कपाटे उघडली त्या दिवसापासून तो रोज शाळा सुटली की गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत ग्रंथालयात बसू लागला. दुकानात दिवस मावळेपर्यंत मापाची ओरड चाले, तिथे वाचणे शक्यच नव्हते, आणि इतिहासाचे पुस्तक त्याच्याजवळ स्वतःचे नव्हते.

तो पुटपुटत वाची. आवाज फार नसे, पण ओठ सारखे हलत, आणि वाक्य संपले की मान हले. पहिल्याच आठवड्यात त्याला एक ताकीद मिळाली. दुसरी वकिलाच्या मुलाने दिली. ग्रंथालयावर देखरेख आम्ही मुले पाळीपाळीने करत असू, त्या दिवशी पाळी त्याची होती. तिसरी राहिली होती.

व्हरांड्यात मी त्याला म्हटले, "अरे, मनात वाच ना. त्यात काय एवढं?"

"मनात कुटनं वाचू?" तो म्हणाला. "मनात कानडी हाय. मराठी तोंडात घिऊन कानाला ऐकवल्याबिगर मला कळत न्हाय. नुसतं बघितलं की अक्षरं दिसत्यात, झाडावरच्या मुंग्या दिसत्यात तशी."

"आणि तिसरी ताकीद मिळाली तर?"

"तर मंद्रूप. बैलास्नी कुटं इतिहास लागतोय?" असे म्हणून तो हसला. मला हसू आले नाही. माझ्याच हस्ताक्षरातला नियम त्याला घरी पाठवत होता, आणि त्या नियमापुढे कारण म्हणून मी लिहिले होते, 'इतरांस त्रास होतो.' ग्रंथालयातही मी रोज त्याच्या शेजारी बसत होतो. मला कधीच त्रास झाला नव्हता.

मी घरी जाऊन एका बिघडलेल्या पत्रकाच्या मागे नवे कलम लिहिले: 'ज्या विद्यार्थ्यांची मातृभाषा मराठी नाही, त्यांना पुटपुटून वाचण्याची मुभा राहील.' मला ते फार न्यायाचे वाटले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ते त्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. तो भाकरी खात होता. घास तसाच हातात राहिला.

"हे भिंतीवर लावणार व्हय?"

"फळ्यावर. मोठ्या अक्षरात."

"तुला कुणी सांगितलं हुतं? सगळी बोट दावतील की. हा कानडी, ह्याला मुभा. विणकरपेठेतली तेलुगू पोरं बसत्यात, ती बी मान खाली घालतील. मला मुभा नको. कार्ड घिऊ देत."

"अरे पण तुझा हक्क..."

"सुम्निर," तो म्हणाला. गप्प राहा, एवढाच त्याचा अर्थ. मी भाषण सुरू केले की तो हा शब्द वापरी. तो कागद त्याने माझ्या हातातून घेतला, चटणीचे बोट त्याला पुसले आणि परत दिला.

मला राग आला, आणि मग त्याचे म्हणणे पटले. हक्क म्हणून जे मिळायला हवे ते मी त्याला सवलत म्हणून देत होतो. नियम सगळ्यांसाठी चुकीचा असेल तर सगळ्यांसाठीच बदलायला हवा. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी वकिलाच्या मुलाला ओढत हेडमास्तरांच्या खोलीत नेले. शास्त्रीबुवा तिथेच होते.

"सर, मौनाचा नियम चुकला आहे," मी म्हणालो.

"तुम्हीच एकमतानं मान्य केलात."

"कारण लिहिलं आहे, इतरांस त्रास होतो. मग त्रास झाला तरच ताकीद द्यावी. ओठ हलल्यानं कुणाला त्रास होतो? ओठांना आवाज नसतो."

"ओठ हलले की आवाज येतोच," हेडमास्तर म्हणाले. "एकाला सोडला की दहा बोलतील. रेघ कुठं ओढणार?"

वकिलाचा मुलगा म्हणाला, "सर, पुरावा देता येणार नाही. शेजारी म्हणेल ऐकू आलं, हा म्हणेल नाही."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?" मी त्याला विचारले.

"मी मुद्दा सांगतोय."

मौन आणि गोंगाट, दोनच शब्द मला माहीत होते, आणि हेडमास्तरांनाही. तेवढ्यात शास्त्रीबुवा बोलले. कमरेची किल्ली ते बोटांनी फिरवत होते. कुलपे गेली तरी किल्ली होतीच.

"रेघ ओढलेली आहे, साहेब. पुरातन आहे. जप तीन प्रकारचा. मोठ्यानं म्हटला तो वाचिक. मनात केला तो मानस. आणि मधला उपांशु. ओठ हलतात, जीभ हलते, पण शब्द आपल्या कानापलीकडे जात नाही. तो मुलगा उपांशु वाचतो. मी रोज पाहतो."

मी चमकलो. म्हणजे ते पाहत होते, आणि बोलले नव्हते.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" हेडमास्तरांनी विचारले.

"हे चिरंजीव घोकंपट्टीविरुद्ध आहेत," शास्त्रीबुवा माझ्याकडे पाहत म्हणाले. "मी ओठांची बाजू घेतली असती तर फळ्यावर आणखी एक पत्रक लागलं असतं."

वकिलाचा मुलगा फसकन हसला. हेडमास्तरांनी टेबलावरचे वर्तमानपत्र उचलून शास्त्रीबुवांपुढे धरले.

"करून दाखवा."

शास्त्रीबुवांनी पत्र डोळ्यांजवळ नेले आणि कापसाच्या बाजारभावाचा रकाना वाचू लागले. ओठ भराभर हलत होते. हेडमास्तर खुर्ची ओढून त्यांच्या अगदी शेजारी गेले, कान पुढे केला, मग आणखी पुढे. बाहेर विणकरांच्या गल्लीतल्या मागांची खटखट स्पष्ट ऐकू येत होती, कापसाचा भाव येत नव्हता.

"काय वाचलंत?"

"ऐकू आलं नाही ना? मग झालं."

हेडमास्तरांनी खुर्ची मागे घेतली. "असं पुटपुटून वाचलं तर पुढच्या परीक्षेत मराठीत उत्तरं लिहिता येतील का त्याला?" ते म्हणाले. मला कळले, कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते त्यांनाही ठाऊक होते. "बरं. पण उपांशु हा शब्द फळ्यावर नको. मुलांना कळायचा नाही."

शब्द सोपा करायचे काम माझ्याकडे आले. एकही उद्गारचिन्ह न वापरता मी लिहिले: 'वाचताना ओठ हलले तरी चालतील. शब्द शेजाऱ्याला कळता कामा नये, कारण तोही वाचत आहे.' आधी मिळालेल्या ताकिदी रद्द, हे वकिलाच्या मुलाने सुचवले. पुरावा नसताना दिलेली ताकीद टिकत नाही, असे त्याचे म्हणणे.

शास्त्रीबुवांचे आणि माझे त्यानंतर जमले, असे नाही. त्यांची घोकंपट्टी मला पटली नाही, माझी पत्रके त्यांना आवडली नाहीत. पण त्यांचा तो शब्द शाळेत पसरला. वर्गात कुणी गलका केला की मागून आवाज येई, "ए, उपांशु कर की!" नव्या नियमाप्रमाणे ज्याचे कार्ड पहिल्यांदा काढून घेतले गेले, तो मी. वर्तमानपत्रातल्या एका अग्रलेखावर मी वकिलाच्या मुलाशी वाद घालत होतो आणि तीनही ताकिदी मला एकाच संध्याकाळी मिळाल्या. वर्षभर कार्ड बंद राहिले असते. हेडमास्तरांनी ते महिन्यावर आणले, आणि सवलत म्हणून नको असे मी म्हणायच्या आत मला खोलीबाहेर घालवले.

नाताळपर्यंत गोंधळ झाला नाही. कपाटांना पुन्हा कुलूप लागले नाही.

मंद्रूपचा तो मुलगा रोज भोंग्यापर्यंत बसत राहिला. परीक्षा जवळ आली तोवर माझे कार्ड परत मिळाले होते, आणि मीही पुन्हा त्याच्या शेजारी बसू लागलो. एकदा शिवाजीवरचा धडा तो वाचत होता, आणि मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मी वळून पाहिले. त्याचे ओठ मिटलेले होते. डोळे ओळीवरून सरळ चालले होते, पान उलटले, तरी ओठ मिटलेलेच.

"अरे!" मी म्हणालो. "तू मनात वाचतोयस!"

त्याने मान वर केली नाही. "कवाधरनं. येळ कमी हाय. डोळं पुढं जात्यात, ओठ मागं पडत्यात."

"मग आपण एवढं भांडलो ते?"

पलीकडच्या बाकावर विणकरपेठेतला एक तेलुगू मुलगा नवे पुस्तक उघडून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज अजिबात येत नव्हता. मंद्रूपच्या मुलाने हनुवटीने तिकडे दाखवले.

मी आणखी काही बोलणार होतो.

"सुम्निर," तो म्हणाला. "तुजं कार्ड जाईल."