गाण्यातली भाकरी

मल्लिनाथनं सिद्धाराम काकांच्या गाण्यातली भाकरी पुसून टाकली, तेव्हा ती भाकरी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, खरखर आहे.

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे एका बोळात मल्लिनाथचं डिजिटल फलकांचं दुकान आहे. गल्लीत कुणाचा वाढदिवस आला, की त्या माणसाचा गॉगल घातलेला फोटो मल्लिनाथच्या हातून वाघाच्या शेजारी जाऊन बसतो. अलीकडे त्यानं एक जोडधंदा काढला होता. लोक घरच्या जुन्या कॅसेटी घेऊन येत. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांचं भजन, कुणाच्या बारशातला पाळणा. मल्लिनाथ ते कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेई, वर गाणाऱ्याचा फोटो लावी, फोटोपुढं समई तेवत ठेवी आणि व्हिडिओ करून यूट्यूबवर चढवून देई. फोटोच्या मागं बहुतेक वेळा बर्फाचा डोंगर असे. सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेला माणूस निदान व्हिडिओत तरी गार जागी उभा राहावा, एवढीच त्याची माया. डोंगर बघून नातेवाईक दुकानातच डोळे पुसत, आणि मल्लिनाथची बायको धनलक्ष्मी त्यांना पाणी देता देता हळूच म्हणे, "आमच्याकडं मेल्याशिवाय काश्मीर दाखवत नाहीत."

तर अशा या दुकानात एके दिवशी पार्वतम्मा आल्या. मल्लिनाथच्या त्या चुलत काकू. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पिशवीतून रुमाल, रुमालातून प्लॅस्टिकचा कागद आणि कागदातून एक कॅसेट काढली, आणि ती मल्लिनाथच्या हातात न देता टेबलावर ठेवली. देवापुढं विडा ठेवावा तशी.

पार्वतम्मा माहेरच्या मैंदर्गीच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा कानडी घरचं आणि मराठी बाजारापुरतं, अशी वाटणी होती. आता दोन्ही भाषा त्या एकाच वाक्यात वापरतात आणि समोरच्यानं कुठली धरायची ते त्याच्यावर सोडतात. नवरा सिद्धाराम चादरीच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकापुढं चादरी उलगडायच्या आणि त्यानं "जरा फिरून येतो" म्हटलं, की घडी घालायच्या. हा माणूस संध्याकाळी घरी येऊन स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर बसे आणि गाई. पेटी नाही, तबला नाही, गुरू नाही. पदंही स्वतःच जुळवलेली. त्यातलं एक होतं, "उलगडलं तेवढं घडी घाल रे मना". दुकानातला वैताग त्यानं असा परमार्थाला लावला होता. एकदा शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर दोन घटका मागून आणून ते पद भरून घेतलं. टेपरेकॉर्डर परत गेला, कॅसेट ट्रंकेत गेली, आणि पुढं फार दिवस लोटले नाहीत तोच सिद्धाराम काकाही गेले. मुलगी काव्या तेव्हा नुकती पाळण्यातून उतरली होती.

मग पार्वतम्मांनी कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली. काव्याला त्याच भाकऱ्यांवर शिकवलं, त्याच भाकऱ्यांवर माळशिरसला दिलं. घरात टेपरेकॉर्डर कधी आला नाही. आधी ऐपत नव्हती, आणि ऐपत आली तोवर टेपरेकॉर्डर बाजारातून उठले होते. एवढ्यात काव्या फोनवर बोलता बोलता म्हणाली, की आई, बाबांचा आवाज कसा होता मला काही केल्या आठवत नाही. पार्वतम्मांनी फोन ठेवला, ट्रंक उघडली आणि सिटी बस धरली.

"एवडंच गाणं हाय मल्लू," त्या म्हणाल्या. "दुसरं कुटं न्हाय."

हे इतकं स्पष्ट सांगितल्यावर माणसानं सावध असावं. पण मल्लिनाथच्या मनात काकूसाठी काहीतरी खास करायचं होतं, आणि त्याच्या हातून आजवर झालेली सगळी नुकसानं खास करायला जाऊनच झालेली आहेत. गाणं उतरलं. काकांचा आवाज खणखणीत, पण त्यामागं सारखी धप्‌धप्‌, मधूनच घासल्यासारखं काही, मधूनच चर्र. मल्लिनाथकडं एक ॲप होतं. त्यात गाणं घातलं, की माणसाचा आवाज तेवढा ठेवून बाकी सगळा गोंगाट ते गाळून टाकी. घातलं. धप्‌धप्‌ गेली. मग उरल्या कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागा. त्यात काका काही गात नव्हते, नुसतंच एकदा कानडीत "आतेन?" म्हणजे झालं का, असं विचारत होते. त्या मोकळ्या जागाही त्यानं कापल्या. फाईल जुन्याच नावानं, जुन्या फाईलवरच ठेवली, म्हणजे मूळ गाणं तिथंच पुसलं गेलं. आणि मनाला अजून समाधान नाही म्हणून पुन्हा एकदा उतरवून घ्यायला कॅसेट लावली, तर यंत्रानं ती चावली. आतली फीत रिळाला गुंडाळून बाहेर आली ती शेवया सांडाव्यात तशी. हात लावला तिथं तुकडा पडला.

धनलक्ष्मी खाली बसून तुकडे एका कागदात वेचू लागली. एरवी अशा प्रसंगी ती आधी नवऱ्याला बोलते. आज तिनं आधी तुकडे वेचले, त्यावरून मल्लिनाथला आपण काय केलंय याचा अंदाज आला. पण गाणं तर हातात होतं, आणि आधीपेक्षा स्वच्छ. त्यानं जीव थोडा केला नाही. समई लावली, बर्फाचा डोंगर लावला, काकूंना बोलावलं.

पार्वतम्मांनी डोळे मिटून पहिलं कडवं ऐकलं. दुसरं सुरू होताच डोळे उघडले. पडद्याकडं पाहिलं, मल्लिनाथकडं पाहिलं.

"आवाज त्येंचाच हाय," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाच्या घरात गातायत?"

मल्लिनाथनं मग सगळं सांगितलं. ॲपचं सांगितलं, कापाकापीचं सांगितलं, फितीचे तुकडे कागदात बांधून ठेवले होते तेही दाखवले. पार्वतम्मा रागावल्या नाहीत, आणि तेच त्याला जड गेलं. मग त्यांनी सांगितलं, की ती धप्‌धप्‌ म्हणजे ते गाताना मी लाकडी काटवटीत थापत होते ती भाकरी होती. चर्र आवाज तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवल्याचा. काव्याला असलं आंधळं गाणं मी पाठवणार नाही, म्हणाल्या, आणि निघता निघता दारातून विचारलं, सकाळी मी भाकऱ्यांना बसते, तेव्हा तो फोन घेऊन येशील का.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ गेला. धनलक्ष्मीही गेली. नवऱ्यावर नजर ठेवायला, असं ती म्हणाली, पण भाकरी गरम मिळणार हेही तिला दिसत होतंच. एक फोन फळीवर डब्याला टेकवून उभा केला. त्यात फक्त काटवट, तवा आणि काकूंचे हात दिसत होते. दुसऱ्या फोनवर काकांचं गाणं, आणि त्यावर मल्लिनाथचा अंगठा.

गाणं सुरू झालं. पार्वतम्मांनी पिठाचा उंडा काटवटीत ठेवून थापायला घेतला, पण पहिल्या कडव्यानंतर सगळं फिसकटलं. भाकरी तव्यावर जाते न जाते तोच काकांनी दुसरं कडवं धरलं. धरणारच. मधली जागा मल्लिनाथनं कापली होती.

"धावताय कुटं?" पार्वतम्मा फोनकडं बघून म्हणाल्या. "तव्यावरची उलटू तर द्या की."

हे मल्लिनाथला उद्देशून नव्हतं. धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. मल्लिनाथनं गाणं थांबवलं.

मग काकूंनी रीत सांगितली. एक कडवं, एक भाकरी. भाकरी तव्यावर गेली, की त्येंना थांबव. पाणी फिरवून, उलटून, मी पुढचा उंडा हातात घेते. पहिली थाप पडली की सोड. बाकी तू काही करू नकोस, तू केलंस की बिघडतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आणि या वेळी त्या लहानशा स्वैपाकघरात जे घडलं, त्याला मल्लिनाथ आजही नाव देऊ शकत नाही. थाप पडली, अंगठा सुटला आणि काकांचा आवाज त्या थापेवर येऊन बसला. उंबऱ्यावर येऊन बसावा तसा. मागे नाही, पुढे नाही. काटवटीच्या लाकडातून ठेका घुमत होता, हातागणिक भाकरी फिरत होती, आणि शब्द तिच्याबरोबर फिरत होते. "मना" या शब्दावर काका दर वेळी लांबलचक सूर लावत. मल्लिनाथला काल ती हौस वाटली होती, गाणाऱ्याला येते तशी. आज त्यानं पाहिलं, तो सूर लांबला की काकूंचा हात भाकरीखाली कोरडं पीठ भुरभुरवत होता. तेवढा वेळ थाप नव्हती, आणि तेवढा वेळच तो सूर होता. पीठ पडलं, थाप आली, सूर पुढच्या शब्दावर उतरला. इतकी वर्षं मेलेला माणूस, आणि काकूंच्या हाताला पीठ घेऊ देत होता.

भाकरी तव्यावर गेली. त्यानं काकांना थांबवलं. पाणी फिरलं, चर्र झालं. भाकरी उलटली, गॅसच्या जाळावर धरली, टम्म फुगली. पार्वतम्मा पुढचा उंडा मळत होत्या. त्या जागेत आता "आतेन?" नव्हतं. ते काही परत येणार नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं, आणि तिघांनीही तेवढा वेळ ते ऐकलं. मग थाप पडली.

शेवटचं कडवं संपलं तेव्हा चार भाकऱ्या टोपलीत होत्या आणि धनलक्ष्मी डोळ्यांना लावलेला पदर सोडायला तयार नव्हती. मल्लिनाथनं फोन उचलला तो दोन्ही हातांनी, भरलेली घागर उचलावी तसा. घरी जाऊन त्यानं त्या व्हिडिओला काही म्हणता काही केलं नाही. समई नाही, डोंगर नाही. नुसते पिठाचे हात.

व्हिडिओ चढला. काव्याचा माळशिरसहून फोन आला तो आईला नाही, मल्लिनाथला. ती म्हणाली, ती धप्‌धप्‌ ऐकतच मी वाढले, तिच्यावरच झोपले, तिच्यावरच उठले. त्यात काहीतरी रिकामं आहे हे मला कधी कळलंच नाही, मल्लूदादा, आज भरल्यावर कळलं.

हा फोन झाल्यावर मल्लिनाथ दुकानात राहूच शकला नाही. तसाच काकूंकडं गेला. मैंदर्गीच्या लोकांनी गाणं कसं एकमेकांना पाठवलंय, कुणीतरी कानडीत काय काय लिहिलंय, ते त्यानं वाचून दाखवलं. पार्वतम्मा कडक भाकऱ्यांच्या चवडी बांधत होत्या. त्या ऐकत होत्या, पण दोरा सोडत नव्हत्या.

एकच काम राहिलंय, मल्लिनाथ म्हणाला. व्हिडिओखाली नावं लिहायची. त्यानं ती लिहून आणली होती, मोठ्या अक्षरांत, आणि त्याला स्वतःलाच ती वाचताना भरून येत होतं. गायक, कैलासवासी सिद्धाराम. आणि त्याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, साथ, पार्वतम्मा.

"बरोबर आहे ना, काकू?" त्यानं विचारलं.

पार्वतम्मांनी दोऱ्याला गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "साथ त्येंनी केली, मी तर भाकरी करत हुते."