शेवटच्या पानावरची इच्छा

ग्रेसीची लेक विनी नवऱ्याच्या घरच्या कबरीत होती, आणि नवरा अजून यायचा होता. पाचूबंदरच्या ग्रेसीबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण कित्येक वर्षं ही बाई रोज याच एका विचारानं उठायची. बाकी तिचं आयुष्य चारचौघींसारखंच. वसईच्या बाजारात तिची मासळीची जागा आहे. भावात कुणी फार घासाघीस केली तर ती काही बोलत नाही, नुसती मान वर करून बघते, आणि भलेभले गपगुमान पिशवी पुढं करतात. तिचा नवरा लुईस होडीवर तांडेल होता. विनी गेल्यावर तो जो गप्प झाला तो झालाच, आणि दोन पावसाळ्यांनंतर तोही गेला.

विनीला अर्नाळ्याला दिली होती, पास्कलच्या घरी. पोरगा दिसायला देखणा, चर्चमध्ये गायचा, आणि बोलणं असं की समोरच्यानं ऐकतच राहावं. मोठ्यांपुढं मान खाली, म्हाताऱ्यांचा हात धरून त्यांना पायरी चढवणारा. अशा माणसाबद्दल कुणाच्या मनात किंतु येतो? ग्रेसीच्याही आला नाही. पुढं विनीच्या दंडावर काळंनिळं दिसायला लागलं तेव्हा आला, पण तोवर विनीची लेक प्रीतल पाळण्यात होती आणि विनी म्हणायची, "बय, मी बघते." बघता बघता एका सकाळी निरोप आला, विनी जिन्यावरून पडली.

आता इथं आपल्याकडची रीत सांगितली पाहिजे. दफनभूमीत जागा ती केवढी, त्यात एका घराला एक कबर. लग्न झालेली मुलगी सासरच्या कबरीत जाते, माहेरच्या नाही. पुढचं माणूस गेलं की तीच कबर उघडतात, आधीच्याची हाडं पांढऱ्या कापडात बांधतात आणि नव्या पेटीच्या पायाशी ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विनीलाही तसंच ठेवलं. पहिली मूठ माती पास्कलनं टाकली, आणि टाकताना असा रडला की बायकांनी त्याला धरून बसवलं. डॉक्टरांचा अहवाल आला, पोलीस आले, त्याला घेऊन गेले, ते सगळं नंतर. जिन्याचा काही संबंध नव्हता. त्यानं तिला उखळातल्या मुसळानं मारलं होतं. कोर्टानं जन्मठेप दिली. पण तोवर विनी त्याच्या बापजाद्यांच्या कबरीत गेली होती, आणि कबर काही कोर्ट उघडत नाही.

म्हणजे हा उद्या मेला की त्याच कबरीत येणार, आणि विनीचं गाठोडं त्याच्या पायाशी जाणार. पायाशी. हे ग्रेसीच्या डोक्यातून जायचं नाही.

पास्कलचा धाकटा भाऊ रॉबर्ट तसा वाईट नाही. भावानं घराला काळं फासलं म्हणून तो स्वतःच खाली मान घालून जगला. ग्रेसी त्याच्याकडे दोन-तीनदा जाऊन आली. "विनीला मला दे, लुईसच्या कबरीत ठेवीन," एवढंच मागणं. शेवटच्या खेपेला तो म्हणाला होता, "मावशी, फादरना विचारतो. माझी काय हरकत नाय." ग्रेसी त्या दिवशी बाजारात हसली होती, असं शेजारी बसणारी ॲनी सांगते.

मग पुस्तक आलं.

ज्ञानदा नावाची पत्रकार मुंबईहून यायची. बाई चांगली, त्यात शंका नाही. ग्रेसीच्या ओट्यावर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं, तिच्या हातचं कालवण जेवली, विनीचा शाळेतला फोटो मागून नेला. ग्रेसीनं तिला जीव ओतून सांगितलं, कारण तिला वाटलं, छापून आलं की लोक आपल्या बाजूनं बोलतील, रॉबर्टलाही बळ येईल. पण ज्ञानदा तुरुंगातही गेली होती, पास्कलला भेटायला. आणि पास्कलचं बोलणं कसं ते मी वर सांगितलंच. निम्मं पुस्तक त्याचंच. बालपण, समुद्र, दारू, पस्तावा, आता झालेलं दुखणं. मेलेली बाई काय बोलणार? तिच्या वाट्याला आईनं सांगितलेलं तेवढं आलं, आणि कबरीबद्दलचं ग्रेसीचं मागणं मधल्या कुठल्याशा प्रकरणात एका ओळीत.

शेवटचं पान मात्र त्याचं. आईमागं ग्रेसीकडेच वाढलेल्या प्रीतलनं ते वाचून दाखवलं तेव्हा ग्रेसी कोळंबी सोलत होती. "मी गेल्यावर मला विनीजवळच ठेवा. तिला अंधाराची भीती वाटायची. ती तिथं एकटी आहे."

ग्रेसीचा हात थांबला. "अंधाराला कोन भ्यायचं? विनी? पहाटे काळोखात माझ्याबरोबर बंदरावर यायची ती, पाटी डोक्यावर घेऊन, गानी म्हनत." मग पुढची कोळंबी उचलून म्हणाली, "ती भ्यायची ती ह्याला."

पुस्तक खपलं, चांगलंच खपलं. लोकांचे अभिप्राय फोनवर यायचे आणि ग्रेसी ते प्रीतलला वाचायला लावायची. प्रीतल कॉलेजात जाणारी पोर, तिचा चेहरा वाचताना दगडासारखा व्हायचा. 'सुन्न झालो.' 'एका बैठकीत संपवलं.' 'गुन्हेगारातला माणूस दाखवला, हॅट्स ऑफ.' 'विनीचं पात्र थोडं कमी पडतं.' 'एवढा त्रास होता तर ती राहिली कशाला?' आणि सगळ्यात जास्त, पुन्हा पुन्हा, शेवटचं पान. 'शेवटच्या पानावर ढसाढसा रडलो.' 'काहीही म्हणा, प्रेम होतं त्याचं.' 'ही इच्छा पूर्ण व्हायलाच हवी.'

"बय, पुरे ना," प्रीतल म्हणायची.

"वाच गो. माझ्या पोरीबद्दल कोन काय बोलतंय ते मला कळाया नको?"

बोलण्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वाचक अर्नाळ्याला यायला लागले. आधी किल्ल्याचा फोटो, मग कबरीचा. कुणी मेणबत्ती लावली, कुणी गुलाब ठेवले, एका जोडप्यानं तर कबरीजवळ उभं राहून स्वतःचा फोटो काढला. लाज कशाशी खातात? रॉबर्टच्या दारात येऊन लोक हळव्या आवाजात बोलायला लागले. ज्या घरावर गाव थुंकत होतं त्या घराला माणसं नमस्कार करायला लागली, आणि रॉबर्टची मान, इतक्या वर्षांनी, वर झाली. त्याला तरी किती दोष द्यावा?

फादर काय म्हणाले ते विचारायला ग्रेसी रॉबर्टकडे गेली तेव्हा त्यानं चहा दिला, पण नजर दिली नाही. "मावशी, आता सगळ्या जगानं वाचलंय. दादाची शेवटची इच्छा मी मोडली तर लोक मला काय म्हणतील?"

"आनि तिची इच्छा?"

"वहिनीनं कुठं काय लिहून ठेवलंय?" रॉबर्ट म्हणाला. तो उर्मटपणे बोलला नाही, आणि त्यामुळंच ग्रेसीला ते जास्त लागलं.

वसईच्या एका वाचनालयानं लेखिकेशी गप्पा ठेवल्या तेव्हा ग्रेसी मुद्दाम गेली. इस्त्रीचं लुगडं नेसून, प्रीतलला घेऊन. मागच्या रांगेत बसली. एक निवृत्त गृहस्थ उठले आणि आरोपीच्या मनाचे पदर लेखिकेनं किती नाजूकपणे उलगडलेत यावर बोलले. एक बाई शेवटच्या पानावर बोलता बोलता पुन्हा रडल्या. एकजण म्हणाला की आईचा कबरीबद्दलचा हट्ट त्याला जरा कठोर वाटला, आता इतक्या वर्षांनी माफ करायला हवं. ज्ञानदानं मागं बसलेल्या ग्रेसीला तेव्हाच पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

ग्रेसी उभी राहिली. माईक कुणीतरी हातात दिला, तो तिनं लांब धरला. "मी विनीची आई. तुम्ही एवढी शिकलेली मानसं. तेवढं रॉबर्टला सांगा. ज्यानं तिला मारलं त्याच्या पायाशी तिला ठेवू नका. मला दुसरं काय नको."

मग टाळ्या सुरू झाल्या. हो, टाळ्या. कुणी उभं राहून वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर रडलेल्या बाईंनी ग्रेसीला मिठी मारली, तिच्याबरोबर फोटो काढला आणि पुस्तकावर तिची सही मागितली. ग्रेसीनं केलीसुद्धा, वेड्यावाकड्या अक्षरात. नाही कसं म्हणायचं ते तिला सुचलं नाही. रॉबर्टला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

पास्कल गेला तो नोव्हेंबरात, इस्पितळात, पहाऱ्यातच. रॉबर्टनं देहाचा ताबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दफन ठरवलं. बातमी फोनवर फिरली. ग्रेसी आणि प्रीतल अर्नाळ्याला पोचल्या तेव्हा दफनभूमीत गावची माणसं होतीच, पण बरीचशी अनोळखीही होती, पांढऱ्या कपड्यांत, हातात फोन.

कबर उघडली होती. खणणाऱ्यानं विनीला वर काढून कडेला पांढऱ्या कापडात बांधून ठेवलं होतं. ग्रेसी त्या गाठोड्यापाशी गेली आणि मातीतच बसली. पाटी उतरवून बाजारात बसते तशीच, पाय पोटाशी घेऊन.

रॉबर्ट आला, वाकून हळू म्हणाला, "मावशी, तमाशा नको. लोक बघतात."

ग्रेसी हलली नाही. बोललीही नाही. बोलून काय होतं ते तिनं वाचनालयात पाहिलं होतं. बघ्यांतली एक मुलगी पुढं आली, डोळ्यांत पाणी घेऊन. "आजी, त्यांना एकत्र राहू द्या ना. शेवटची इच्छा होती त्यांची."

फादर अडचणीत पडले. "घरच्यांचं काय म्हणणं असेल ते," म्हणाले. "घरची हरकत नसेल तर चर्चची नाही." आणि त्यांनी रॉबर्टकडे पाहिलं. रॉबर्टनं फोनांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ग्रेसीनं डोळे मिटले. झालं, तिला वाटलं, आता समोरून उचलून नेतील.

"घरची मी आहे," प्रीतल म्हणाली.

ग्रेसीनं या पोरीला आजवर कबरीबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. कसं विचारणार? एकीकडे आई, एकीकडे बाप, पोरीनं कुणाची बाजू घ्यायची? भेटायला ती तुरुंगात कधी गेली नव्हती, पण बाप गेल्याचं कळलं तेव्हा मोरीत जाऊन रडली होती, ते ग्रेसीनं ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं.

"पेटीत आहे त्याची मुलगी मी, आणि गाठोड्यात आहे तिचीही मीच," प्रीतल म्हणाली. "काका, पहिली माती मला टाकायची आहे ना? मी टाकते. माझा बाप आहे, टाकते. पण आई आधी इथून जाईल. नाहीतर पेटी अशीच राहू दे उन्हात."

पोटच्या पोरीनं माती टाकल्याशिवाय दुसऱ्या कुणी हात पुढं करायचा नाही, हे अर्नाळ्यात सांगावं लागत नाही. फोन सगळे वरच होते. ज्या लोकांना भिऊन रॉबर्ट नाही म्हणत होता, त्याच लोकांपुढं आता भावाची पेटी तापत होती. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "घेऊन जा, मावशी."

ग्रेसीनं गाठोडं उचललं. आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिलेली बाई, तिनं सवयीनं जोर लावला आणि हात एकदम वर आले. काही वजनच नव्हतं. "एवढीशीच?" ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा रडली.

प्रीतलनं माती टाकली, हात झटकले आणि आजीच्या मागोमाग फाटकाबाहेर आली. पाचूबंदरपर्यंत रिक्षा ठरवली. सोपाऱ्याच्या आसपास कुठंतरी पोरीचा फोन वाजायला लागला. तिनं बघितला आणि उलटा करून ठेवला.

"काय लिवलंय?"

"काय नाय."

"वाच गो."

प्रीतलनं वाचलं. "'शेवटची इच्छासुद्धा पाळू दिली नाही. मेलेल्यांची ताटातूट केली. त्या म्हातारीला काळीज नाही.' खाली दीडशे लोकांना पटलंय." तिनं आजीकडे पाहिलं. "मी उत्तर लिहू?"

ग्रेसीनं ऐकलं की नाही कोण जाणे. पुढं रस्ता खणून ठेवला होता आणि रिक्षा उडायला लागली होती. तिनं गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, जरा हळू घे," ती म्हणाली. "मांडीवर पोर हाय."