बदलापूरच्या पेटीत टाकलेला अर्ज

निनावी अर्ज लिहायलाही डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात मी बत्तीस वर्षं काढली. ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. "तुम्हाला खुर्ची हवीच, मग ती प्लास्टिकची का असेना," असं बायको म्हणाली. कारखान्यातली शिस्त मी घरी घेऊन आलो होतो. नोटीस लिहायची म्हणजे कागदाचा डावा भाग दुमडून समास पाडणार, विषयाखाली दोन रेघा मारणार आणि अगदी शेवटी 'सहपत्रे : निरंक' लिहिणार. म्हणजे या कागदाला काही जोडलेलं नाही. शुक्रवारी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी येणार नाही, एवढ्या एका ओळीच्या नोटिशीलाही सहपत्रे निरंक. बिल्डिंगमधली पोरं मला मागून 'निरंक काका' म्हणत. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे सिंधी गृहस्थ एकटेच राहायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. फाळणीत सात वर्षांचे असताना आईबरोबर कराचीहून जहाजानं आले, उल्हासनगरच्या छावणीत, गोणपाटाचे पडदे लावून वाटून घेतलेल्या बराकीत वाढले, एवढं ते सांगत. पुढे काय केलंत, असं विचारलं की म्हणायचे, "सरकारी ऑफिस में था. कागद वाचायचो, और क्या." आम्ही समजलो, कुठेतरी कारकून असणार.

दर रविवारी दुपारी चार वाजता ते मोबाइल कानाला लावून गॅलरीत बसत. अर्धा तास सिंधीत बोलणं चाले, मोठ्यानं, हसत, मधेच रागावत. उल्हासनगर शेजारीच असल्यानं सिंधी कानावर पडलेली असते, पण ही काही बाजारातली सिंधी नव्हती. एकदा मी जिन्यात थांबून ऐकलं. 'पूल', 'कालवा', 'स्टेशन' असं काही काही कळलं. आणि दोनदा एका गावाचं नाव आलं, शिकारपूर. घरी येऊन नकाशात पाहिलं. ते गाव सीमेपलीकडे होतं.

कारखान्यात आमच्या गेटवर एक फलक असायचा : संशय आल्यास कळवा. मी तो बत्तीस वर्षं वाचला होता. त्यातच तेव्हा सीमेवर तणाव होता, टीव्हीवर दिवसभर आरडाओरड चालली होती. हे सगळं मी कारण म्हणून सांगू शकतो, आणि बरेच दिवस स्वतःला सांगितलंही. पण खरं कारण फार हलकं आहे. त्याच्या आदल्या महिन्यात वार्षिक सभेत दादा उभे राहिले होते आणि मी इतिवृत्तात लिहिलेला एक ठराव सभेत झालाच नव्हता, हे त्यांनी अगदी गोड शब्दांत दाखवून दिलं होतं. सगळे हसले. माझे कान तापले ते तापलेच.

पोलिसांना पाठवायचा अर्ज मी डाव्या हातानं लिहिला. शेजारच्या देशात नियमित संपर्क, भाषा समजत नाही, पूल आणि स्टेशनचा उल्लेख, कृपया चौकशी व्हावी. सही केली नाही. अंबरनाथचा शिक्का नको म्हणून रिक्षानं बदलापूरला गेलो, तिथल्या पोस्टाच्या पेटीत टाकला आणि स्टेशनाबाहेर भजी खाऊन परत आलो. भजी चांगली लागली, हेही आठवतं.

दहा-बारा दिवसांनी साध्या कपड्यांतले दोन पोलीस दादांच्या घरी आले. दोन तास दार बंद होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभा होतो. जाताना त्यातला तरुण इन्स्पेक्टर खाली गेटपाशी थांबला, मागे वळला आणि तिसऱ्या मजल्याकडे पाहून त्यानं कडक सॅल्यूट ठोकला.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. दादा निवृत्त ब्रिगेडियर होते. लष्कराच्या हेरखात्यात एक अख्खी शाखा त्यांच्या हाताखाली होती. पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंडा त्यांच्याच हस्ते, असं सर्वानुमते ठरलं आणि त्याची नोटीस मीच लिहिली, 'आपल्या सर्वांना अभिमान वाटावा' वगैरे. ती लिहिताना एका शब्दाचीही खाडाखोड झाली नाही. आज याचीच जास्त लाज वाटते.

आमंत्रण द्यायला वर गेलो तर त्यांनी सिंधी रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते कामाबद्दल थोडं बोलले. फौजेत गेले तेव्हा सिंधी येते म्हणून त्यांना कानाला हेडफोन लावून सीमेवर बसवलं. पलीकडचे शिपाई वायरलेसवर बोलत ते ऐकायचं आणि लिहायचं. वर्षानुवर्षं तेच. वर चढत गेले तसे दुसऱ्यांनी ऐकलेलं वाचू लागले.

"एक बार हमारे मोहल्ले की बोली आली कानात," ते म्हणाले. "माझ्या गावचा होता पोरगा. घरची आठवण काढत होता. मी सगळं लिहून घेतलं, सेक्रेटरीसाब. जवाब देने की इजाजत नहीं थी."

निवृत्तीनंतर खूप वर्षांनी त्यांना लहानपणीचा शेजारी सापडला, त्यांच्या मूळ गावी, त्याच शिकारपुरात. त्याच्याशी बोलायची त्यांनी खात्याकडून लेखी परवानगी काढली होती. रविवारचा फोन तो होता. गावातला पूल अजून आहे का, कालव्यात आता कोण पोहतं, असलं बोलणं.

"अब बंद किया," ते सहज म्हणाले. "तो इन्स्पेक्टर बिचारा हात जोडून बोलला, सर, हे तापलेलं वातावरण निवळेपर्यंत थांबा, वरून मला विचारतात. मी हेच सांगायचो दुसऱ्यांना. कसं नाही म्हणू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पापड खाल्ला, पाणी प्यालो आणि खाली आलो.

वर्ष गेलं. रविवारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर शांतता असे. दादा जिन्यात भेटले की थांबत, माझ्या तोंडाकडे बघत, जरा वेळ तसेच उभे राहत. मी पाण्याबद्दल बोलायचो, लिफ्टबद्दल बोलायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर बायको त्यांना आमटी द्यायला गेली आणि तशीच परत आली. "दादांचा तिकडचा मित्र गेला," ती म्हणाली. "चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन गेल्यावर नातवानं कळवलंय. रडतायत हो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही जा ना वर." तिला काहीच माहीत नव्हतं.

मी गेलो. त्यांनी डोळे पुसले, उठले, पापड आणि पाणी ठेवलं. मी पापड हातात घेतला आणि बोलायला लागलो. "दादा, तो पोलिसांकडचा अर्ज..."

"निरंक," ते म्हणाले.

"इन्स्पेक्टरने दाखवला होता. डाव्या हाताचं अक्षर, कोई पहचान नहीं. पण कागदाला समासाची घडी, विषयाखाली दोन लकीर, और आखिर में सहपत्रे निरंक. मैं हँस पड़ा, साब. आयुष्यभर असले कागद वाचले."

"मग बोलला का नाहीत? मला काहीही बोलायचं होतंत. सभेत सांगायचं होतंत."

"शक आला तर कळवा, हे मीच शिकवलं लोकांना. उसमें क्या बोलूँ." त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. जिन्यात भेटलात की वाटायचं, आज सांगतील. तुम्ही बोलला असता तर मी त्या इन्स्पेक्टरला सांगितलं असतं, काही नाही, शेजाऱ्याचा गैरसमज होता, मिटला. फोन पुन्हा सुरू झाला असता. मैं रुका रहा."

मग त्यांनी मोबाइल उचलून नातवाचा निरोप मला वाचून दाखवला, आधी सिंधीत, मग माझ्यासाठी मराठीत. आजोबा शेवटपर्यंत दर रविवारी ठरल्या वेळी फोन जवळ घेऊन बसायचे.

त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. "खाओ, साब," ते म्हणाले. पापड माझ्या हातात तसाच होता. तो खाताही येईना आणि खाली ठेवताही येईना.