देवबागातून डोंगल परत गेलं

मंडळी, आमच्या घरातलं ते नेटचं डोंगल आज गेलं एकदाचं!

दोन महिन्यांपूर्वी मालवणच्या दुकानात ते इतकं झकास चाललं, की मी तिथल्या तिथे वर्षभराच्या करारावर सही करून टाकली. घरी आणलं तर एक मेल उघडेना. आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बुकिंगसाठी मी पुन्हा लॅपटॉप घेऊन मालवणला! तक्रार केली की कंपनीचं एकच उत्तर, "नकाशात देवबागला फुल रेंज आहे, करार मोडता येणार नाही."

आज त्यांचे साहेब स्वतः तपासायला आले, नेमके जेवणाच्या वेळेला. मी भांडायच्या तयारीत होते. पण आईने मला गप्प केलं.

"साहेबानू, आदी जेवा. मगे काय ती रेंज बघा."

बांगड्याच्या तिखल्याबरोबर साहेबांनी दोनदा भात घेतला. हात धुऊन त्यांनी ऑफिसला फोन लावायला मोबाइल काढला, तोही त्यांच्याच कंपनीचा. अंगणात फिरले, विहिरीपर्यंत गेले, शेवटी हात उंच करून माडाखाली उभे राहिले.

आई दारातून म्हणाली, "साहेबानू, आमचो फोन आसा मा घरात!"

मग साहेबांनी आमच्या लँडलाइनवरूनच ऑफिसला कळवलं, "इथे रेंज नाही. करार रद्द करा."

तुमच्यापैकी कुणी अशी दुकानात बघून सही केली आहे का? जरूर लिहा, पण उत्तरं मी उद्या वाचेन. ही पोस्टसुद्धा त्याच लँडलाइनला कासवगतीचं नेट जोडून टाकतेय, ते चालू असेपर्यंत फोन लागत नाही, आणि आई मघापासून शेजारी उभी आहे. तिला मावशीला फोन करून हे सगळं सांगायचंय.