कॉलेजच्या गेटवरची चौकशी

आमच्या खानावळवाल्या मावशीने दोन दिवस चूल बंद ठेवली, म्हणून माझी धाकटी बहीण इंजिनियर झाली. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं.

सातवीनंतर शाळा सुटली आणि मी धुळ्याकडून सुरतेला आलो, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या, डाइंगच्या मिलमध्ये लागलो. पुढे बहिणीला आईने माझ्याकडे शिकायला पाठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ती बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दोन ठिकाणी नंबर लागेल असं कळलं. एक सुरतेजवळचं नवं खाजगी कॉलेज. घरून जाऊन-येऊन करता येईल, पण फी ऐकूनच घाम फुटायचा. दुसरं सौराष्ट्रातलं सरकारी. फी नावापुरती, पण राहणं-खाणं परगावी, आणि ते महिन्याला किती पडतं हे कोणालाच नीट सांगता येईना. अंदाज चुकला तर तिलाही माझ्यासारखं अर्ध्यातून उठावं लागणार. त्या भीतीने माझं जेवणात लक्ष नसे.

मावशी आमच्याच भागातली. ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "तू मिल कशी धुंडी व्हती? गेटवर हुभा राहीसनच ना? मंग तठेबी हुभा ऱ्हाय, इचार."

खरंच होतं. मिल धरण्याआधी आम्ही पाळी सुटायच्या वेळी गेटवर जायचो. बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, पगार वेळेवर होतो का, मशीन चालू असतात का, माणूस टिकतो का. ऑफिसातला साहेब काय सांगतो त्याला अर्थ नसतो.

आधी जवळच्या कॉलेजवर गेलो. मी आपला भोंग्याची वाट बघतोय. भोंगा काही होईना. पोरं वाटेल तेव्हा दोघं-तिघं बाहेर येत होती. एकाला विचारलं, मशीन चालू असतात का. तो मित्रांकडे बघून म्हणाला, "अंकल को नौकरी चाहिए." सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानेच नीट सांगितलं की लेथ मशीन अजून खोक्यातच आहे, आणि फी भरली तरी दर दोन-चार महिन्यांनी काही ना काही मागतातच.

राहिलं सौराष्ट्र. पण मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर एकटा पुरुष उभा राहिला तर वॉचमन काय करेल हे सांगायला नको. मावशीने हे ऐकलं, माझ्याबरोबर यायचं ठरवलं आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, दोन दिवस जिथे मिळेल तिथे जेवा. गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली. तापातही तिने कधी खाडा केला नव्हता.

हॉस्टेलपाशी पोचल्यावर मी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो आणि मावशी आत गेली. बराच वेळ आलीच नाही. मला सुचेनासं झालं. आत ती काय विचारत असेल? गुजराती तिला भाजीबाजारापुरतंच यायचं. शेवटी आली ती पदराला हात पुसत, जेवून. तिने सांगितलं, मुली मेस स्वतःच पाळीपाळीने चालवतात, बाजारही त्याच करतात, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. पुस्तकं आणि ड्रॉइंगचं सामान वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना देऊन जातात. आमच्या सुरतेतल्याच कतारगामच्या, हिरे घासणाऱ्या एका कारागिराची मुलगी तिथेच तिसऱ्या वर्षाला होती.

मी विचारलं, "तिला घरची आठवण येते का, विचारलं?"

"इचारं ना. रडनी जराशी. मंग माले दुसरी पोळी वाढी."

बहिणीला तिथेच घातलं. पुरलं आम्हाला, कसंबसं, पण पुरलं.

त्या चौकशीच्या खेपेला परतताना बसस्टँडवर द्वारकेची गाडी उभी होती. मावशी पाटीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, कंडक्टरची हाक ऐकली होती. मी म्हटलं जाऊन येऊ, तर म्हणाली, उद्या माणसं उपाशी ऱ्हातीन.

मावशी, त्या गाडीत मी तुम्हाला एक दिवस बसवणार आहे. खिडकीजवळ. आणि त्या दिवसांत तुमच्या माणसांची जेवणं मी करीन.