बाईंची पिशवी
परवा शेजारच्या अंगणात सुताला खळ लावत होते. त्या आंबूस वासानं मला वडगावच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. बेळगावातलं ख्रिस्ती धर्म आणि संस्कृतीचं केंद्र चालवणारे एक वयस्कर सर आणि त्यांच्या पत्नी आमच्या वडिलांचा हातमाग बघायला आले होते. "आप्पा, ही बाटवायला आल्यात. घरात घेऊ नगासा," मी हळूच म्हणालो. "माग बघतो म्हणणाऱ्याला न्हाय कसं म्हणू रं?" असं म्हणून आप्पा त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. मागावरचा धोटा सूत घेऊन इकडून तिकडं खटाखट फिरू लागला. एरवी अबोल असणारे आप्पा भरभरून बोलू लागले, तसा माझा संशय आणखीच वाढला. बाईंची पिशवी बाहेर सोप्यातच राहिली होती. धर्माची पत्रकं सापडली की दोघांनाही हाकलायचं, असं ठरवून मी ती उघडली. आत चष्म्याचं घर, जेवणाचा डबा आणि एक वही होती. वहीत मागाच्या एकेका भागाचं नाव लिहिलेलं होतं आणि काही नावांपुढं 'विणकरांना विचारणे' असा शेरा होता. पानं चाळताना मी मान वर केली, तर दारात बाई उभ्या. त्या रागावल्या नाहीत. "बघून झालं की चेन लावा, अण्णा," एवढंच बोलून त्या आत गेल्या. पिशवी उघडल्याची लाज काही दिवसांत ओसरली. पण निदान एक तरी पत्रक सापडायला हवं होतं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं होतं, ते अजून सलतं.